मोतीबिंदू : आजार, शस्त्रक्रिया आणि श्रावकांच्या शंका

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्य-व्याख्यानाचा मजकूर)



जैन आचारात डोळ्यांना केवळ इंद्रिय म्हणून नव्हे, तर अहिंसेचे साधन म्हणून स्थान आहे. पाच समितींमध्ये पहिली ईर्यासमिती. चार हात पुढची भूमी पाहून, जीवजंतू टाळून पाऊल ठेवावे, असा तिचा आशय. ज्याला भूमीच नीट दिसत नाही त्याने ही समिती कशी पाळावी, हा प्रश्न आपल्या परंपरेत फार गांभीर्याने घेतला गेला आहे. दिगंबर मुनिपरंपरेला विसाव्या शतकात नवे चैतन्य देणारे चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज यांनी १९५५ साली कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली, त्यामागे क्षीण झालेली दृष्टी हे प्रमुख कारण होते. डोळ्यांवाचून मुनिचर्या निर्दोष पाळता येणार नाही, ही त्यांची भूमिका होती.

मुनींची गोष्ट निराळी, गृहस्थाची निराळी. परंतु गृहस्थाच्या घरातही दृष्टीवाचून धर्म अडतो. डाळ-तांदळातील सोनकिडा, पिठातील अळी, भाजीच्या पानामागचा बारीक जीव, गाळण्यावर राहिलेला जंतू हे सारे डोळ्यांनीच पाहायचे असते. घरात आहारदानाचा चौका लागला की धान्य शोधून घेण्याचे काम बहुधा सर्वांत ज्येष्ठ स्त्रीकडे येते. तिला दिसेनासे झाले तर ती सहसा बोलून दाखवत नाही. "अंधार पडला आहे, दिवा लावा" एवढेच म्हणते. दिवा लावूनही दिसत नाही हे सुनेच्या लक्षात यायला कधी वर्ष लागते. मोतीबिंदूवरील उपचारांत पुरुषांच्या तुलनेने स्त्रिया मागे राहतात, हे अनेक पाहण्यांत आढळले आहे; त्याचे मूळ या न बोलण्यात आहे आणि घरच्यांनी न विचारण्यातही आहे.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर येणारा पडदा किंवा वाढणारे मांस नव्हे. डोळ्याच्या बाहुलीच्या मागे एक नैसर्गिक भिंग असते. सुमारे चार मिलिमीटर जाड आणि नऊ-दहा मिलिमीटर व्यासाचे हे भिंग पाणी आणि प्रथिने यांचे बनलेले असून त्यात एकही रक्तवाहिनी नसते. म्हणूनच ते काचेसारखे स्वच्छ असते. शरीरातील त्वचा झडते, नवी येते. भिंगाचे तसे नाही. त्याच्यावर आयुष्यभर नवे तंतू चढत जातात, जुने मात्र कोठेही जात नाहीत. भिंगाच्या अगदी मध्यभागी असलेला अंश मनुष्य मातेच्या उदरात असतानाच तयार झालेला असतो. ऐंशी वर्षांच्या वृद्धाच्या डोळ्यात तो ऐंशी वर्षांचा ऊन-प्रकाश सोसत बसलेला असतो. कालांतराने तेथील प्रथिनांची सुबक रचना बिघडते, ती एकमेकांना चिकटतात, भिंग पिवळसर, तपकिरी किंवा पांढरट होते आणि प्रकाश दृष्टिपटलापर्यंत नीट पोहोचत नाही. हाच मोतीबिंदू.

वय हे प्रमुख कारण असले तरी एकमेव नव्हे. मधुमेह, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे, डोळ्याला बसलेला मार, धूम्रपान आणि प्रखर उन्हातील वर्षानुवर्षांचे काम यांनी तो लवकर येतो. क्वचित तो जन्मतःच असतो; तशा बालकाच्या बाबतीत मात्र एक दिवसही वाया घालवू नये, कारण त्या वयात डोळ्याने पाहिले नाही तर मेंदू पाहणे शिकतच नाही. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील लोकांतील अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले. ज्या आजाराचा उपाय अर्ध्या तासात होऊ शकतो, त्या आजाराने एवढे लोक अंधारात बसावेत, ही गोष्ट समाजाला भूषणावह नाही.

लक्षणे हळूहळू येतात. नजर धूसर होते. समोरून येणाऱ्या वाहनाचा दिवा डोळ्यांवर पसरतो. एका डोळ्याने पाहिले तरी चंद्र दोन-तीन दिसतात. निळा रंग मळतो, पांढरे धोतर पिवळट वाटते. एक लक्षण तर फसवे आहे. पासष्टीच्या पुढील एखाद्या गृहस्थाला एके दिवशी चष्म्याशिवाय ग्रंथ वाचता येऊ लागतो आणि घरात आनंद होतो की बाबांची नजर परत आली. प्रत्यक्षात भिंगाचा गाभा घट्ट झाल्यामुळे डोळ्याचा नंबर लघुदृष्टीकडे सरकलेला असतो. हा लाभ काही महिन्यांचा. पुढे जवळचे आणि दूरचे दोन्ही जाते.

येथे एक घोळ नीट सोडवला पाहिजे. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे सारखी असली तरी आजार अगदी भिन्न आहेत. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत मिळते. काचबिंदूत डोळ्यातील दाब बहुधा वाढून दृष्टीची नस सुकत जाते, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली तेवढी राखता येते. "वय झाले, मोतीबिंदूच असणार" असे घरबसल्या ठरवून थांबलेल्या माणसाच्या डोळ्यात आतून काचबिंदू चालू असेल, तर त्या थांबण्याची किंमत फार मोठी असते. चाळिशीनंतर डोळ्यांची तपासणी, दाबासह, करून घ्यावी ती याकरिता.

"मोतीबिंदू पिकू द्यावा, मग काढावा" ही समजूत अजून घरोघरी आहे. ती सर्वस्वी खोटी नव्हती. जुनी झाली आहे. ज्या काळी संपूर्ण भिंग मोठ्या छेदातून बाहेर काढत, त्या काळी ते पक्व असणे सोयीचे होते. आजच्या पद्धतीत फार पिकलेला, दगडासारखा झालेला मोतीबिंदूच अवघड. अतिपक्व भिंग फुगून किंवा त्यातील द्रव झिरपून डोळ्याचा दाब एकाएकी वाढू शकतो, डोळा लाल होऊन असह्य ठणका लागतो, आणि मग घाईने शस्त्रक्रिया करावी लागते. त्याचप्रमाणे "थंडीतच करावी, उन्हाळ्यात नको, पावसाळ्यात तर नकोच" हीही जुन्या शिबिरांच्या दिवसांतील गोष्ट. शस्त्रक्रिया केव्हा करावी याचा निकष ऋतू नाही आणि पिकणेही नाही. दैनंदिन कामे, वाचन, चालणे, स्वयंपाक यांत अडथळा येऊ लागला की ती वेळ आली. आणि कोणत्याही थेंबाने, अंजनाने वा मधाने मोतीबिंदू विरघळतो हे आजवर सिद्ध झालेले नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

भारताला हा विषय नवा नाही. सुश्रुतसंहितेत लिंगनाशाच्या शस्त्रकर्माचे वर्णन आहे. त्यात शलाकेने अपारदर्शक भिंग दृष्टिमार्गातून खाली ढकलले जाई. भिंग बाहेर काढण्याची पद्धत फ्रान्समध्ये जाक दाविएल यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात रूढ केली. भिंग काढले तरी त्या जागी काही बसवता येत नसे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी शाळांच्या इमारतींत आणि धर्मशाळांत नेत्रशिबिरे भरत, रुग्णांना डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसेंदिवस निश्चल निजवत, आणि शेवटी हाती येई तो भिंगासारखा जाड चष्मा. त्यातून सर्व वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या दिसत. पायरी कोठे संपते ते कळत नसे. ज्येष्ठ श्रोत्यांना असे चष्मे आठवत असतील. कर्नाटकातील डॉ. एम. सी. मोदी यांच्यासारख्या नेत्रवैद्यांनी गावोगावी फिरून हजारोंना त्या काळी दृष्टी दिली, ती याच साधनांनी.

कृत्रिम भिंगाची कथा मात्र वेगळीच आहे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छताचे प्लॅस्टिक फुटून त्याचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत रुतले. हॅरॉल्ड रिडली या इंग्रज नेत्रशल्यविशारदाच्या ध्यानात आले की डोळा या तुकड्यांना विरोध करत नाही. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात प्रथम एका रुग्णाच्या डोळ्यात बसवले. समव्यवसायींनी त्यांना वर्षानुवर्षे वेड्यात काढले. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केल्मन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची पद्धत प्रत्यक्षात आणली. तीच आजची फेको. भारतात भिंग सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले ते मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न ऑरोलॅबने १९९२ पासून देशातच भिंगे बनवण्यास आरंभ केल्यावर. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने जो मोतीबिंदू-प्रकल्प सात राज्यांत राबवला गेला, त्यात महाराष्ट्रही होता. आज शिबिरात केवळ तपासणी होते आणि शस्त्रक्रिया रुग्णालयातच. जंतुसंसर्गाच्या दृष्टीने हेच योग्य आहे.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रियेविषयी. आधी रक्तातील साखर, रक्तदाब, डोळ्याचा दाब, अश्रुमार्ग आणि दृष्टिपटल तपासतात. दृष्टिपटल सदोष असेल तर भिंग कितीही उत्तम बसवले तरी नजर पूर्ण येत नाही; ही गोष्ट डॉक्टरांकडून आधीच समजून घ्यावी म्हणजे नंतर कटुता येत नाही. डोळ्याची लांबी आणि पुढील पटलाची वक्रता मोजून भिंगाचा नंबर काढतात. चालू असलेली सर्व औषधे सांगावीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्या पुरुषांनी तर ते आवर्जून सांगावे, कारण त्या औषधाने बुबुळ सैल पडते आणि शस्त्रवैद्याला वेगळी तयारी ठेवावी लागते. लघवीच्या औषधाचा डोळ्याशी काय संबंध, असे वाटून नेमकी हीच गोष्ट राहून जाते.

श्रावकांची एक शंका असते, ती संकोचाने विचारली जाते किंवा विचारलीच जात नाही. डोळ्यात बसवतात ते कशाचे? भिंग ॲक्रिलिक जातीच्या कृत्रिम द्रव्याचे असते, त्यात प्राणिज काही नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्याचा आकार टिकवण्यासाठी जो घट्ट द्राव वापरतात, त्यातील एक सर्रास वापरला जाणारा प्रकार वनस्पतिजन्य सेल्युलोजपासून बनतो. दुसरा प्रकार पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढत, आता तो बहुतांशी जिवाणूंच्या किण्वनातून मिळवतात. डोळ्याभोवती भुलीचे इंजेक्शन देताना त्यात कधी हायल्युरोनिडेज मिसळतात, ते सामान्यतः प्राणिज असते. केवळ थेंबांनी भूल देऊन शस्त्रक्रिया होणार असेल तर त्याची गरज पडत नाही. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणून गोळीच्या स्वरूपातील औषध मागता येते. हे सर्व आठ दिवस आधी विचारावे. डॉक्टर रागावत नाहीत आणि पर्याय पुष्कळदा निघतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र अशी चर्चा होऊ शकत नाही.

"हा चक्षुदर्शनावरणीय कर्माचा उदय, तो भोगूनच संपवावा" असे म्हणणारेही काही वृद्ध असतात. त्यांच्या श्रद्धेचा आदर ठेवूनच एक गोष्ट विचारात घ्यावीशी वाटते. चार दानांत औषधदानाची गणना आहे. औषधाने कर्माच्या व्यवस्थेत ढवळाढवळ होते असे शास्त्रकारांना वाटले असते, तर त्याचे दान त्यांनी पुण्यकारक कशाला म्हटले असते?

टेबलावर रुग्ण जागा असतो. वरून तेजस्वी प्रकाश दिसतो, डोळ्यावर पाणी पडल्याचे आणि थोडे दाबल्याचे जाणवते, वेदना सहसा होत नाही. आत काय चालले आहे ते रुग्णाला दिसत नाही, सुरी तर नाहीच. खोकला येत असल्यास आधी सांगावे; एकाएकी मान हलवू नये. सुमारे अडीच मिलिमीटरच्या छेदातून सुई आत जाते, भिंगाच्या पिशवीला गोल खिडकी पाडतात, ध्वनिलहरींनी गाभा फोडून शोषून घेतात आणि घडी केलेले नवे भिंग त्याच पिशवीत उलगडतात. पंधरा-वीस मिनिटांचे हे काम. याला लोक "लेसरचे ऑपरेशन" म्हणतात, ते बरोबर नाही; काही ठिकाणी पहिल्या पायऱ्यांसाठी लेसर वापरतात, पण मोतीबिंदू फुटतो तो ध्वनिलहरींनी. फार कठीण मोतीबिंदू असेल तर सहा-सात मिलिमीटरच्या छेदातून, तोही बहुधा विनाटाका, हातानेच काढतात. ही पद्धत स्वस्त आहे म्हणून हलकी आहे, असे मुळीच नाही. निष्णात हातांत तिचे फळ उत्तम येते.

भिंगाची निवड हा घरोघरच्या वादाचा विषय. मुलगा म्हणतो सर्वांत महाग बसवा, आई म्हणते माझे आता किती दिवस राहिले. दोघांचाही निकष चुकतो. साधे एककेंद्री भिंग दूरचे स्वच्छ दाखवते, वाचायला चष्मा लागतो. बहुकेंद्री भिंगाने चष्म्याची गरज कमी होते, पण रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात, आणि दृष्टिपटलाचा विकार असलेल्यास ते सहसा सुचवत नाहीत. वक्रतेचा तिरका नंबर असेल तर टोरिक भिंग उपयोगी. रोज दोन-तीन तास स्वाध्याय करणाऱ्या आणि घराबाहेर क्वचितच पडणाऱ्या श्राविकेचे भिंग जवळच्या नंबराचे ठेवता येते, म्हणजे ग्रंथ विनाचष्मा वाचता येतो आणि दूरसाठी चष्मा लावावा लागतो. अशी मागणी फार थोडे लोक करतात, कारण ती करता येते हेच ठाऊक नसते. दिवस कसा जातो हे डॉक्टरांना सांगावे आणि त्यावरून भिंग ठरावे. किमतीचा क्रमांक त्यानंतरचा.

त्याच दिवशी घरी जाता येते. पहिले काही दिवस डोळ्यात खुपणे, पाणी येणे, थोडे धूसर दिसणे स्वाभाविक. रंग एकाएकी निळसर आणि उजळ वाटतात. जुने पिवळे भिंग गेल्याचे ते चिन्ह. डोळा चोळू नये, रात्री संरक्षक कवच लावून निजावे, डोक्यावरून स्नान डॉक्टर सांगतील तोपर्यंत टाळावे, जड उचलू नये. स्वयंपाकघरातील धूर आणि फोडणीपासून दूर राहावे. आणि एक सूचना येथे खास: अभिषेकानंतर गंधोदक डोळ्यांना लावण्याची आपली प्रथा आहे; जखम भरेपर्यंत ते मस्तकीच धारण करावे. भाव तोच राहतो, पाणी मात्र डोळ्यात जात नाही. पूर्ण वाकून केलेले पंचांग नमस्कारही पहिले काही दिवस उभ्यानेच, हात जोडून करावेत.

थेंब हीच शस्त्रक्रियेची दुसरी बाजू. ते चार ते सहा आठवडे, क्रमाने कमी करत घालावे लागतात. हात धुवून, बाटलीचे टोक पापणीला न लावता घालावेत. दोन औषधांत पाच मिनिटांचे अंतर असावे. चौविहार पाळणाऱ्यांची येथे अडचण होते, कारण डोळ्यातील थेंब अश्रुमार्गाने नाकातून घशात उतरतो आणि कडू चव लागते. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडील कोपरा दोन मिनिटे बोटाने हलके दाबून धरावा. औषध घशात उतरणे बरेच कमी होते, डोळ्यातही ते अधिक टिकते. दर दोन तासांनी सहा वेळा घालायचे असतील तर सूर्योदय ते सूर्यास्त या काळात ते बसतात. डॉक्टरांना नियम सांगितला तर ते तसे वेळापत्रक आखून देऊ शकतात. नियमासाठी औषध परस्पर गाळू नये. मधुमेही श्रावकांनी शस्त्रक्रियेच्या दिवशी वा लगतच्या दिवसांत निर्जळ उपवास करणे धोक्याचे आहे, साखर एकाएकी खाली जाते. दशलक्षण पर्वात किंवा पर्युषणात तपश्चर्येचा संकल्प असेल तर शस्त्रक्रिया त्याच्या महिना-दीड महिना आधी किंवा नंतर ठेवणे, हाच सरळ मार्ग.

आठवड्याच्या आत दुखणे वाढू लागले, लाली वाढली, आलेली नजर पुन्हा कमी झाली, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. तो विरळा आहे, परंतु त्यात तासांचा हिशेब असतो. रात्र असो, पर्व असो, त्याच वेळी रुग्णालयात जावे. डोळ्यासमोर विजेसारखे चमकणे, काळ्या कणांचा वर्षाव, बाजूने पडदा सरकल्यासारखे दिसणे ही दृष्टिपटल सुटल्याची लक्षणे आहेत. तेथेही थांबू नये.

काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले तर "मोतीबिंदू परत आला" म्हणतात. तो परत येत नाही. भिंग ठेवलेल्या पिशवीची मागील भिंत गढूळ होते. लेसरने तिच्यात लहान झरोका पाडतात, काही मिनिटांत, टाक्याविना. चष्म्याचा नंबर साधारण महिन्या-दीड महिन्याने, जखम स्थिरावल्यावर काढावा. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया पहिला डोळा शांत झाल्यावर काही आठवड्यांनी करतात. एका डोळ्याने भागते म्हणून दुसरा तसाच सोडू नये. खोलीचा अंदाज दोन डोळ्यांनी येतो, आणि मंदिराच्या पायऱ्यांवर पडून मोडलेले मांडीचे हाड वृद्धाला मोतीबिंदूपेक्षा कितीतरी अधिक जखडून टाकते.

शेवटी नेत्रदानाविषयी वारंवार येणारा एक प्रश्न. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती नेत्रदान करू शकते काय? करू शकते. दानात उपयोगी पडते ते डोळ्याच्या पुढचे पारदर्शक पटल, म्हणजे कॉर्निया. भिंग त्याच्या मागे असते. चष्मा असलेले, मधुमेह असलेले लोकही नेत्रदान करू शकतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे, तोवर खोलीतील पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यांवर स्वच्छ ओला कापूस ठेवावा आणि डोके उशीने थोडे उंच करावे. नेत्रपेढीचे लोक घरी येतात, काम अर्ध्या तासात उरकते आणि चेहरा विद्रूप होत नाही.